ग्रामसभेत जाऊन काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अशा वाचकांसाठी आहे ज्यांना निवडणुकीच्या दिवसापलीकडे राजकारण आपलं वाटत नाही, पण गावच्या पाण्याचा, रस्त्याचा, शाळेचा प्रश्न मात्र रोज भोवतो. ग्रामसभेबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. कायद्याचे आकडे महाराष्ट्राचे आहेत. गोव्याचा आणि शहराचा भाग वेगळा केला आहे.

मला राजकारणात रस नाही. मी ग्रामसभेला कशाला जाऊ?

नळाला पाणी रोज येणार की तीन दिवसांनी, गटार कोणत्या आळीत आधी होणार, घरकुलाच्या यादीत कोणाचं नाव वर असणार, अंगणवाडीच्या छपराला यंदा पैसे मिळणार की पुढच्या वर्षी, हे सगळं कोणीतरी ठरवतंच. तुम्ही नसलात तरी ठरतं. तुमच्या घरपट्टीचे पैसे त्यातच जातात. पक्ष, झेंडे, भाषणं यांचा कंटाळा येणं मी समजू शकतो. पण ग्रामसभा ही पक्षाची सभा नाही. तिथे बोलायला कोणाचं तिकीट लागत नाही, कोणाचा गट लागत नाही. गावाच्या मतदारयादीत नाव आहे, एवढं पुरतं. महाराष्ट्रात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्या प्रत्येकीला ग्रामसभा आहे. खेड्यात राहणाऱ्या प्रौढ माणसाला सरकारशी समोरासमोर, नावानिशी, आपल्या भाषेत बोलता येईल अशी याहून जवळची जागा नाही.

ग्रामसभा आणि ग्रामपंचायत एकच ना?

नाही, आणि हा गोंधळ सर्वांत जास्त नुकसान करतो. ग्रामपंचायत म्हणजे सरपंच आणि निवडून आलेले 7 ते 17 सदस्य. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार. पंचायतीची मुदत पाच वर्षं, ग्रामसभेला मुदतच नाही. ती निवडून येत नाही, विसर्जित होत नाही. पंचायतीची मासिक सभा वेगळी असते, तिथे सदस्य निर्णय घेतात. ग्रामसभेत सदस्य आणि सरपंच तुम्हाला उत्तर द्यायला बसलेले असतात.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा आहे. पुढे 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि ग्रामसभेला थेट राज्यघटनेत स्थान मिळालं. म्हणून ती कोणी मेहेरबानीने भरवत नाही.

सभा कधी होते ते आम्हाला कळतच नाही. काय करावं?

आर्थिक वर्षात किमान 4 ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. गावोगावी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर किंवा त्यांच्या आसपासचे दिवस रूढ झालेत. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी लागायला हवी आणि तिच्यात विषय लिहिलेले असायला हवेत. कार्यालयाच्या फलकावर नोटीस, वस्त्यांवर दवंडी, हे दोन्ही व्हायला हवं. आता बहुतेक गावांत व्हॉट्सॲपवरही टाकतात, पण त्याने दवंडी माफ होत नाही. ज्यांच्याकडे फोन नाही ती माणसंच अनेकदा घरकुलाच्या आणि निराधार योजनेच्या यादीची वाट बघत असतात.

नोटीस न देता सभा उरकली गेली असेल तर गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तोंडी नको. योग्य कारण नसताना सरपंचाने सभा घेतली नाही तर त्याचं पद जाऊ शकतं आणि ग्रामसेवकावरही कारवाई होऊ शकते, अशी स्पष्ट तरतूद कायद्यात आहे. हे माहीत असलेला एक माणूस गावात असला की सभा वेळेवर होऊ लागतात.

कोरम भरत नाही म्हणून सभा तहकूब होते. मग गेलो तरी काय उपयोग?

गणपूर्तीसाठी, म्हणजे कोरमसाठी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. 600 मतदारांच्या गावाला 90 माणसं, तीन हजारांच्या गावाला 100. हा आकडा मोठा नाही. एकेका आळीतून दहा-पंधरा जण निघाले तरी भरतो.

तहकूब सभा पुन्हा बोलावली जाते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. तिथे वीस माणसं असली तरी ठराव होतात. अनेक गावांत पहिली सभा रिकामी जाते आणि खरे निर्णय या दुसऱ्या सभेत, मोजक्या माणसांत होतात. तेव्हा पहिली तहकूब झाली म्हणून हात झटकू नका. दुसरीची तारीख तिथल्या तिथे विचारून घ्या, कारण महत्त्वाची सभा तीच असते. तिच्यात विषय मात्र जुनेच घेता येतात. नवा विषय कोणी मध्ये घुसवत असेल तर हरकत घ्या.

गावाला पैसा किती येतो, कुठे जातो, हे सामान्य माणसाला कसं कळणार?

कळतं, आणि त्यासाठी हिशेबनीस असावं लागत नाही. गावाचा पैसा ढोबळमानाने तीन वाटांनी येतो. पहिली वाट गावाची स्वतःची: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं. दुसरी वित्त आयोगाची, म्हणजे सरकारी पैशाची वाटणी सुचवणाऱ्या केंद्राच्या आयोगाने गावांसाठी ठरवलेला निधी. तिसरी राज्याच्या आणि केंद्राच्या योजनांची, ज्यांत आमदार-खासदार निधीही आला.

वित्त आयोगाचा पैसा समजून घेण्यासारखा आहे, कारण तो थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. 15व्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी त्याची विभागणी ठरवून दिली होती: 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित. बंधित म्हणजे ठरलेल्या कामांनाच. त्यातला अर्धा पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. समजा गावाला वर्षाला 10 लाख आले. त्यांतले 3 लाख पिण्याचं पाणी, जलसंधारण यांवर, 3 लाख गटारं, घनकचरा, शौचालयं यांवर, आणि उरलेले 4 लाख गावाच्या गरजेप्रमाणे. त्या 4 लाखांतून पगार देता येत नाहीत. आता एवढंच डोक्यात ठेवून गावाकडे बघा. पाण्याची टाकी गळतेय, पण सगळा पैसा पेव्हर ब्लॉकमध्ये गेलेला दिसतो का? मग बंधित निधीचं काय झालं, हा तुमचा प्रश्न तयार झाला. नव्या आयोगाच्या काळात प्रमाण बदललं असेल तर ते ग्रामसेवकाला सभेतच विचारा. त्याला ते सांगावंच लागतं.

गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाचेही वाटे ठरलेले आहेत: 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. हा खर्च दरवर्षी व्हायला हवा. गावातल्या दिव्यांग माणसाला विचारा, गेल्या वर्षी त्याच्या वाट्याचं काय आलं. बहुतेकांना असा वाटा आहे हेच कोणी सांगितलेलं नसतं, आणि याचा मला खरोखर राग येतो.

आराखडा आणि झालेला खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ या केंद्राच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडत गेलं की कामाचं नाव आणि रक्कम समोर येते. ते पान छापून सभेला नेलं की चर्चेची पातळीच बदलते. सांगोवांगी गोष्टींवर भांडण होतं, छापील रकमेवर उत्तर द्यावं लागतं.

आराखडा म्हणजे काय आणि तो कोण करतं?

पुढच्या वर्षात गावात कोणती कामं घ्यायची त्याची यादी. राज्यात हा उपक्रम ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने चालतो. यादी लोकांना विचारून करायची असते आणि ग्रामसभेत मंजूर व्हायची असते. प्रत्यक्षात कित्येक गावांत ती कार्यालयात एका दुपारी भरली जाते. तुमच्या वस्तीचं काम आराखड्यात नसेल तर वर्षभर कितीही ओरडलात तरी त्याला पैसे मिळणं अवघड. म्हणून आराखड्याची सभा चुकवू नये. बाकीच्या एखाद्या सभेला जमलं नाही तर चालेल.

बोलून काही होत नाही, सगळं आधीच ठरलेलं असतं. खरं ना?

बोलून खरंच फारसं काही होत नाही. लिहून होतं.

ग्रामसभेत काय घडलं याचा कायद्याच्या दृष्टीने एकच पुरावा: प्रोसिडिंग बुक, म्हणजे कार्यवृत्ताची वही. तुम्ही अर्धा तास पोटतिडकीने बोललात आणि वहीत ‘विविध विषयांवर चर्चा झाली’ एवढंच आलं, तर तुम्ही बोललाच नाहीत. उलट एक ओळ, ‘अमुक वस्तीतील नळजोडणीचे काम अपूर्ण असल्याची तक्रार, ग्रामसेवक यांनी पुढील सभेत अहवाल ठेवावा’, अशी आली की पुढच्या सभेत ती मागच्या कार्यवृत्ताच्या वाचनात पुन्हा वर येते. मग तिला टाळणं कठीण.

त्यासाठी काही सवयी लावून घ्या. आपला विषय सभेच्या आधी लेखी द्या, दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. सभेत तो विषय आला नाही तर ती पोच दाखवा. ठराव मांडायचा असेल तर वाक्य घरूनच लिहून न्या: काय करायचं, कोणी करायचं, कधीपर्यंत. सूचक आणि अनुमोदक आधी ठरवा. अनुमोदक दुसऱ्या आळीचा, शक्य असल्यास दुसऱ्या गटाचा असेल तर उत्तम. ठराव झाला की ‘वाचून दाखवा’ म्हणा. यात उद्धटपणा काही नाही, तो रिवाजच आहे.

आणि सही. अनेक गावांत हजेरीची वही सभा संपल्यावर घरोघर फिरते आणि न आलेल्यांच्या सह्या घेते. सही करण्याआधी वरचं पान वाचा. कोऱ्या पानावर सही करू नका, मग विचारणारा सख्खा चुलता असला तरी. सभेला गेला नव्हता तर सही नाही, इतका साधा नियम दहा घरांनी पाळला तरी खोटा कोरम बंद होतो.

ग्रामसभेचा ठराव सरपंचावर बंधनकारक असतो का?

विषयावर अवलंबून आहे. गावाचा विकास आराखडा, वैयक्तिक लाभाच्या योजनांतल्या लाभार्थ्यांची निवड, अशा बाबतीत ग्रामसभेच्या मंजुरीला कायद्याचं वजन आहे. ‘धरणाचं पाणी आम्हाला मिळावं’ किंवा ‘एस.टी. सुरू करा’ असा ठराव झाला तर तो महामंडळावर बंधनकारक नसतो. तो मागणीचा कागद असतो. तरीही तो करावा, कारण आमदाराकडे किंवा जिल्हा परिषदेत एकटं जाणं आणि गावाचा ठराव घेऊन जाणं यात फरक पडतो. पण सभेत लोकांना खोटी आशा दाखवू नका. कोणता ठराव आदेश आहे आणि कोणता विनंती, हे आधीच सांगितलेलं बरं.

बायका ग्रामसभेला येत नाहीत. त्यांना रस नसतो का?

रस नसता तर हंडा घेऊन पंचायतीवर मोर्चे गेले नसते. सभेची वेळ, जागा आणि बसण्याची पद्धत त्यांच्या सोयीची नसते, हे खरं कारण आहे. सकाळी अकराला मजुरीला गेलेली बाई सभेत कशी असेल? पारावर सगळे पुरुष बसलेले असताना ती पुढे येऊन कशी बोलेल?

ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती कागदावर उरकली जाते का, हे पाहा. ती खरी घ्यायची तर बचत गटांच्या बैठकीला जोडून, वस्तीतच, संध्याकाळी घ्या. तिथे झालेले ठराव मग मुख्य सभेत वाचले जातात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात, मुलं अभ्यासाला बसतात. या निर्णयात गावातल्या महिलांचा पुढाकार होता. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. काही दिवसांतच राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. राज्याचं धोरण एका गावाच्या ठरावामागून आलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

दारूचं दुकान बंद करायचं आहे. मतदान कसं होतं?

गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान 25 टक्के जणांनी लेखी मागणी करावी लागते. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आडव्या बाटलीला मतदारयादीतल्या एकूण महिलांच्या (किंवा एकूण मतदारांच्या) निम्म्याहून जास्त मतं हवीत.

इथेच लढाया हरल्या जातात. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त पुरत नाहीत, यादीतल्या निम्म्याहून जास्त लागतात. यादीत 800 महिला असतील तर किमान 401 मतं. माहेरी गेलेली, ऊसतोडीला गेलेली, मयत झालेली पण नाव न काढलेली, हे सगळे आकडे दुकानाच्या बाजूने जातात. म्हणून आधी मतदारयादी दुरुस्त करून घ्या, सह्यांची मोहीम नंतर. आणि तोडणीच्या हंगामात मतदान मागू नका.

सरपंच बाई आहेत, पण कारभार त्यांचे यजमान बघतात. काय करता येईल?

महाराष्ट्रात पंचायतीत महिलांना 2011 पासून 50 टक्के आरक्षण आहे, त्याआधी एक तृतीयांश होतं. इतक्या वर्षांत हजारो बायका यातून उभ्या राहिल्या, स्वतःच्या बळावर पुन्हा निवडून आल्या. जिथे यजमान खुर्चीत बसतात तिथे सभेत प्रश्न नेहमी सरपंचताईंना, त्यांच्या नावाने विचारा आणि उत्तर त्यांच्याकडूनच यायला थांबा. मध्ये बोलणाऱ्याला ‘तुम्ही मतदार म्हणून बोलताय ना?’ असं शांतपणे विचारता येतं. ताईंचा अपमान होईल असं काही करू नका. पहिल्यांदाच माईक हातात घेणाऱ्या बाईला गावाने दोन मिनिटं शांतता दिली पाहिजे.

आमची वस्ती गावाबाहेर आहे. सभेत आमचं कोणी ऐकून घेत नाही, बोललो तर नंतर त्रास होतो.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि याला सोपं उत्तर नाही. ज्याच्या शेतावर कामाला जायचं त्याच्याविरुद्ध सभेत उभं राहणं ही किंमत मोजण्याची गोष्ट आहे. ‘हिंमत करा’ असा सल्ला मी लांबून देणार नाही.

जे करता येतं ते हे. एकट्याने बोलू नका, वस्तीचा अर्ज वीस-पंचवीस सह्यांनी आधी द्या. आपल्या प्रभागाची वॉर्ड सभा आधी घ्यायला लावा, ती वस्तीतच होऊ शकते आणि तिथे तुम्ही बहुसंख्य असता. ग्रामसभा देवळाच्या आत किंवा कोणाच्या वाड्यात भरत असेल तर ती शाळेच्या पटांगणात घ्यावी अशी लेखी मागणी करा. मागासवर्गीयांच्या 15 टक्क्यांचा तपशील माहितीच्या अधिकारात मागवून घ्या, म्हणजे सभेत तुम्हाला आरोप करावा लागत नाही, कागद वाचून दाखवावा लागतो. धमकी आली तर ती त्याच दिवशी पोलिसांकडे लेखी नोंदवा आणि अर्जाची एक प्रत गटविकास अधिकाऱ्याला पाठवा.

ग्रामसेवक माहिती देत नाहीत. अर्ज कसा करायचा?

ग्रामसेवकांचं पदनाम आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे, माहितीच्या अधिकारातले जन माहिती अधिकारी तेच. साध्या कागदावर अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या तीस दिवसांत पंचायत समितीतल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.

‘गेल्या पाच वर्षांची सर्व माहिती द्या’ असं कधीही लिहू नका. एक काम निवडा. त्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची नक्कल, बिल आणि पूर्णत्वाचा दाखला मागा. मोजमाप पुस्तिकेत गटाराची लांबी 120 मीटर लिहिली असेल तर टेप घेऊन मोजता येते. शाळकरी मुलंही मोजू शकतात. नोंदवह्यांचे नमुने 1 ते 33 ठरलेले आहेत: कर आकारणी नमुना 8 मध्ये, कराची मागणी नमुना 9 मध्ये, कर भरल्याची पावती नमुना 10 ची. नमुन्याचा क्रमांक लिहून मागितलं की ‘कोणती वही ते कळत नाही’ हे उत्तर मिळत नाही.

गावात भावकी, गट, जुनी वैरं आहेत. ग्रामसभेत गेलं की भांडणच होतं.

मतभेद असणारच, ती काही वाईट गोष्ट नाही. भांडण होतं ते बहुधा माणसावर बोलल्यामुळे. ‘तुम्ही पैसे खाल्ले’ म्हटलं की दोन गट उभे राहतात. ‘या बिलावर 120 मीटर आहे, जागेवर किती आहे?’ म्हटलं की टेप आणावी लागते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं छोटं गोंड गाव आहे. तिथे ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वांची सहमती होईपर्यंत थांबते. त्यासाठी त्यांनी अभ्यासगटाची रीत लावली: विषय आधी अभ्यासगटात समजून घ्यायचा, हवं तर बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, पण निर्णय ग्रामसभेचाच. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात होता. गाव अडून राहिलं आणि 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. इतकी वर्षं गाव टिकलं ते सहमतीच्या सवयीमुळे, असं माझं मत आहे. एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास करून जिंकलेला ठराव पुढच्या निवडणुकीत उलटतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून एकच गोष्ट सांगतो. तिथे दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला ते पाहून आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे गाव दुष्काळी म्हणूनच ओळखलं जायचं. ऊस न लावण्याचा नियम तिथे बाहेरून लादलेला नाही. पाणी किती आहे ते सर्वांनी मिळून पाहिल्यामुळे तो पटला.

आदिवासी भागातली ग्रामसभा वेगळी असते का?

हो, आणि अधिक बळकट असते. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीचा कायदा, 1996 चा, महाराष्ट्राचे नियम 2014 चे, लागू 13 जिल्ह्यांच्या अनुसूचित क्षेत्रांत. तिथे पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा भरवता येते. तेंदू, बांबू, मोह यांसारखं गौण वनोपज, गौण खनिजं, जमिनीचं हस्तांतरण, दारू यांबाबत तिला अधिकार आहेत. तुमचा पाडा मोठ्या ग्रामपंचायतीत बुडून गेला असेल तर स्वतंत्र गावाच्या ठरावापासून सुरुवात करा.

गोव्यात काय पद्धत आहे?

गोवा पंचायत राज कायदा 1994 चा. तिथे सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर महिन्यांत रविवारी भरतात. नोकरदार आणि मजूर दोघांनाही येता येतं. महाराष्ट्राने हे उचलण्यासारखं आहे. गोव्याच्या ग्रामसभा खाणी, जमिनीचं रूपांतर, मोठे गृहप्रकल्प यांवरून तासन् तास चालतात, आणि लोक कायद्याची कलमं हातात घेऊन बोलतात.

मी शहरात राहतो. आम्हाला असं काही आहे का?

ग्रामसभेइतकं थेट नाही. 74व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या, पण त्यांत नागरिकाला हक्काने बोलायला जागा कमी. पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे: पदपथ, बाक, दिवे, बसथांब्याजवळची छोटी कामं अर्ज भरून सुचवता येतात. फार कमी लोक तो अर्ज भरतात. याशिवाय जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. मुलं सरकारी किंवा पालिकेच्या शाळेत असतील तर शाळा व्यवस्थापन समिती विसरू नका. तिचे 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. राजकारण शिकायला ही फार चांगली जागा आहे.

मी मुंबईत नोकरी करतो, मन गावात आहे. मला ग्रामसभेत मत देता येईल का?

मतदारयादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. ते मुंबईत असेल तर गावच्या ग्रामसभेचे तुम्ही सदस्य नाही. शिमग्याला किंवा गणपतीला आलात तर सभेत बसा, पण निर्णय तिथे बारा महिने राहणाऱ्यांना घेऊ द्या. बाहेरून पाठवलेल्या वर्गणीच्या जोरावर गावची कामं ठरवू नयेत. तुम्ही करू शकाल असं काम वेगळं आहे: संकेतस्थळावरून गावाचा आराखडा आणि खर्च उतरवून, साध्या मराठीत एका पानावर मांडून सभेच्या आधी गावात पोचवणं. माहितीचा अर्जही तुम्हाला करता येतो, त्याला गावचा मतदार असण्याची अट नाही.

पहिल्याच सभेला जाणार आहे. नेमकं काय विचारू?

मागच्या सभेचं कार्यवृत्त पूर्ण वाचायला सांगा. त्यातल्या एका ठरावाचं पुढे काय झालं ते विचारा. उत्तर काहीही आलं तरी ते आजच्या कार्यवृत्तात लिहायला लावा, आणि पुढच्या सभेची तारीख विचारून घरी या.